गूढ शब्दकोड्यांची फोड: सोलापूरकरांचा धागा

खिळेजुळारी

नमस्कार. गूढ शब्दकोड्यांची शोधसूत्रे सोडवण्यासाठी आणि त्याहूनही अधिक ती उलगडून सांगण्यासाठी हा धागा काढत आहे. साध्या शब्दकोड्यात 'सूर्य (२)' असे दिले की आपण रवी, भानू किंवा मित्र यांपैकी जो चौकटीत बसेल तो लिहून पुढे जातो. गूढ सूत्रात एकाच वाक्यात उत्तर दोन वाटांनी सांगितलेले असते. वाक्याच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात त्या शब्दाची घडण असते, आणि सबंध वाक्य वाचताना मात्र भलतेच चित्र डोळ्यांपुढे येते.

मी सोलापुरात एका छापखान्यात बावीस वर्षे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवले. तिथे एका साप्ताहिकाचे काम येत असे आणि त्यात असे कोडे असे. पुढच्या अंकात उत्तरांची भरलेली चौकट छापली जाई, पण कोणते उत्तर कसे आले याची एक ओळही कधी नसे. त्यातील काही शब्दांची संगती मला आजतागायत लागलेली नाही, आणि ती रुखरुख अजून आहे. म्हणून या धाग्यावर एकच आग्रह धरावा असे वाटते: उत्तरासोबत फोड लिहावी. शाळेत आपण संधीची फोड करत होतो, त्याच अर्थाने हा शब्द वापरतो आहे.

नमुन्यासाठी एक सूत्र आणि त्याची फोड देतो.

'वेडेवाकडे सरकत केलेला व्यायाम (४)'

उत्तर: कसरत. 'व्यायाम' हा सरळ अर्थ. 'सरकत' ही चार अक्षरे, आणि 'वेडेवाकडे' ही ती विस्कटण्याची खूण. स, र, क, त यांची जागा बदलली की क, स, र, त. 'केलेला' हा दोन भागांना जोडणारा दुवा.

कंसातील आकडा अक्षरांचा आहे. जोडाक्षर हे एक अक्षर धरावे आणि अनुस्वार ज्याच्या डोक्यावर असेल त्याच्याच सोबत राहावा. आता ही सहा सूत्रे पाहावीत.

१) जेवायला बसवतो, शेताला पाणी पाजतो (२)
२) हत्तीपुढे तेज, तव्यावर फुगते (३)
३) सोलापुरात लावलेल्या झाडांत दडलेला जलाशय (३)
४) नवरा बिथरला की शेपटीवाला (३)
५) साल काढा, दुथडी पाणी, तरी कोरडे शहर (४)
६) गावाकडच्या चहाचा भाव अंगावर घ्यावा (३)

पाटाचे_पाणी

पहिल्याचे उत्तर माझ्या नावातच आहे: पाट. जेवायला आपण पाटावर बसतो आणि शेताला पाटाचे पाणी देतो. इथे घडण अशी काही नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. आमच्या मोहोळ भागात उजनीचे पाणी येते त्याला लोक कालवा किंवा कॅनॉल म्हणतात आणि त्यातून फुटून रानात शिरतो तो पाट, त्यामुळे 'शेताला' हा शब्द नेमका पडला आहे. 'गावाला पाणी पाजतो' असे असते तर मी हरकत घेतली असती.

दुसरी_घंटा

खिळेजुळारी काका, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पहिल्या सूत्रासारखी सूत्रे म्हणजे आपला श्लेष अलंकार आहे. मेघ सर्वांना 'जीवन' देतो हे उदाहरण आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते, ज्यात जीवन म्हणजे आयुष्य आणि पाणीही. जोडून सुमने आणि सु-मने हा सभंग श्लेषही येतो. ज्याला शाळेत श्लेष समजला त्याला गूढ सूत्राची अर्धी वाट आधीच ठाऊक असते, ही बाब मी वर्गात मुद्दाम सांगते.

तिसऱ्याचे उत्तर तलाव. 'सोलापुरात लावलेल्या' हे शब्द सलग वाचले की पुरात-मधला 'त' आणि लावलेल्या-मधला 'लाव' एकत्र येतात. 'दडलेला' ही खूण आणि 'जलाशय' हा अर्थ. सिद्धेश्वरांच्या तलावाच्या गावी हे सूत्र फार शोभते. मात्र माझी एक शंका आहे. 'झाडांत' या शब्दाचे इथे काम काय? तलाव दडला आहे तो पहिल्या दोन शब्दांत. झाडे केवळ चित्र पुरे करण्यासाठी लावली आहेत.

उभे_आडवे

ताईंची शंका रास्त आहे, आणि या शंकेला मोठा इतिहास आहे. शब्दकोडे या प्रकाराचा आरंभ ऑर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी केला, परंतु ते साध्या अर्थाचे कोडे होते. इंग्लंडमध्ये १९२६ पासून ऑब्झर्व्हरमध्ये टोर्केमाडा या टोपणनावाने कोडी येऊ लागली आणि सूत्रे पूर्णपणे गूढ झाली. त्यांच्यानंतर त्याच पत्रात झिमेनीझ या टोपणनावाने डेरिक मॅकनट यांनी कोडी रचली आणि १९६६ साली या कलेवर एक पुस्तक लिहिले. त्यांच्या पंथाचा दंडक असा की सूत्रात नेमका अर्थ असावा, प्रामाणिक घडण असावी आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे. या दंडकाने पाहिले तर झाडे तोडावी लागतील.

मला तो दंडक मान्य आहे, कारण सोडवणारा प्रत्येक शब्दाजवळ थांबून 'तू इथे का आहेस' असे विचारत असतो. ज्या शब्दाकडे उत्तर नसते तो शब्द त्याला विनाकारण अडवून ठेवतो.

खिळेजुळारी

दोघांचेही म्हणणे मान्य. रात्री बसून ते सूत्र पुन्हा जुळवले:

३) सोलापुरात लावणीच्या आड जलाशय (३)

'सोलापुरात लावणी' या दोन शब्दांच्या आड तलाव आहे. चित्रही तुटत नाही आणि फुकटचा शब्दही उरत नाही.

विजापूर_वेस

मीही एक लपवलेले सूत्र रचले आहे. सात रस्ता चौकातून रोज जातो, म्हणून सुचले: 'सात रस्ता, त्यात लपलेले रानटी जनावर (३)'. उत्तर तरस. कसे वाटते?

दुसरी_घंटा

कल्पना सुंदर आहे, पण सूत्र बसत नाही. 'सात रस्ता' यात त आणि र सापडतात, पुढचा स मात्र सुटा नाही. तो 'स्ता' या जोडाक्षरात अडकलेला अर्धा स आहे आणि चौकटीत स्ता ला एकच घर मिळते. घर फोडून त्यातला अर्धा स बाहेर काढला तर उद्या 'भक्त' मधून 'भक' काढण्याचीही मुभा द्यावी लागेल.

विजापूर_वेस

पटले. मग हे पाहा: 'सात रसवंत्यांमध्ये लपलेले रानटी जनावर (३)'. रसवंतीचा स पूर्ण आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात एका रस्त्यावर सात रसवंत्या असणे काही अवघड नाही.

उभे_आडवे

हे निर्दोष आहे. पहिले नामंजूर झाल्यामुळे दुसरे अधिक चांगले साधले, असे मला वाटते.

काना_मात्रा

चौथ्याचे उत्तर वानर असावे, पण फोड लिहिताना अडलो. 'बिथरला' ही अक्षरे विस्कटण्याची खूण आहे. नवरा या शब्दाची अक्षरे न, व, रा. वानर या शब्दाची अक्षरे वा, न, र. काका, काना र वर होता, तो व वर कसा गेला? धाग्याच्या पहिल्याच लेखात अनुस्वाराने आपले अक्षर सोडू नये असे आपणच लिहिले आहे. मग कान्याला वेगळा न्याय का?

खिळेजुळारी

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या घरांच्या पेटीत, काना हा वेगळा खिळा असे. 'नवरा' जुळवायचा तर न, व, र आणि काना असे चार खिळे उजव्या हाताने उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवण्याच्या पट्टीत, लावायचे. काना इतका वापरात असे की त्याचे घर हाताच्या अगदी जवळ असे आणि दुपारपर्यंत रिकामे होई. त्या चार खिळ्यांनी 'नवरा' जुळतो आणि त्याच चार खिळ्यांनी 'वानर' जुळते, एकही खिळा कमी-जास्त होत नाही. ही गंमत मला त्या काळी स्टिक हातात असतानाच दिसली होती आणि सूत्र त्यातूनच आले. माझ्या हातांना काना हे अक्षराचे अंग कधी वाटलेच नाही, तो शेजारी उभा राहणारा स्वतंत्र खिळाच वाटला.

होटगी_रस्ता

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. काकांच्या खिळ्यांचे आणि आजच्या युनिकोडचे, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचे, या बाबतीत एकमत आहे. युनिकोडमध्येही 'नवरा' म्हणजे न, व, र आणि काना अशी चार चिन्हे आहेत. मोबाइलवर 'रा' लिहून खोडण्याची कळ एकदा दाबली तर आधी काना जातो आणि र उरतो.

दुसरी_घंटा

छापखान्यात आणि यंत्रात तसे असेलही, पण कोडे सोडवणारा माणूस खिळे मोजत नाही, तो अक्षरे मोजतो. माझ्या वर्गातल्या मुलांना 'नवरा' उलटा वाचायला सांगितला तर ती 'रावन' म्हणतात. एकही मूल काना सोडवून घेऊन त्याचे वेगळे काही करत नाही. मका उलटा केला की काम होते, पसा उलटा केला की साप होतो, वारा उलटा केला की रावा होतो, आणि या सर्वांत मात्रा आपल्या अक्षराला घट्ट धरून असते. वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणी ऐकली ती याच रीतीने: 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झाले. तिथे म आणि रा यांची अदलाबदल झाली, काना कुठेही सरकला नाही.

एकदा काना सुटा मानला की वेलांटी, उकार, मात्रा हेही सुटतील, आणि मग पाच अक्षरांच्या शब्दातून इतके शब्द निघू लागतील की सोडवणाऱ्याला आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री कधीच पटणार नाही. गूढ सूत्रातला खरा आनंद त्या खात्रीचा असतो. उत्तर सापडले की ते तेच आहे हे वेगळे कोणी सांगावे लागत नाही.

काना_मात्रा

दोन्ही बाजू ऐकून एक सुचवतो. अक्षर अखंड राहील हा नियम असावा. ज्याला काना हलवायचा असेल त्याने तसे सूत्रातच सांगावे. 'नवरा बिथरला, काना सरकला, झाला शेपटीवाला (३)' असे लिहिले तर कोणाचीही फसगत होत नाही.

खिळेजुळारी

हे मी आनंदाने स्वीकारतो. एक बारीक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. मी आधी 'बिथरलेल्या नवऱ्याचा काना सरकला' असे लिहिले होते आणि ते मीच खोडले. विभक्तीचा प्रत्यय लागताच नवरा या शब्दाचे सामान्यरूप 'नवऱ्या' होते, आणि मग ज्या तीन अक्षरांशी खेळायचे ती कागदावर राहतच नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या पुढेमागे काहीही आले तरी शब्द बहुधा जसाच्या तसा राहतो. आपल्याकडे घोड्याला, पुरात, दगडात, चटणीत असे प्रत्येक वेळी पाहावे लागते. चटणी टिकते, घोडा, पूर आणि दगड बदलतात. ज्याची अक्षरे वापरायची तो शब्द प्रथमेत ठेवावा, किंवा प्रत्ययानेही न बदलणारा शब्द निवडावा.

कडक_भाकरी

दुसऱ्याचे उत्तर भाकरी. संस्कृतात भा म्हणजे तेज आणि करी म्हणजे हत्ती, कारण त्याला कर म्हणजे सोंड असते. करी-च्या पुढे भा ठेवला की भाकरी. फुगते ती तव्यावर, कडक करायची असेल तर मग ती तव्यावरच मंद आचेवर ठेवून द्यायची. इतकी वर्षे भाकरी थापते आहे, पण त्या शब्दात हत्ती आहे हे काल रात्री अकरा वाजता कळले आणि झोप उडाली.

उभे_आडवे

फोड अचूक आहे. सूत्रातल्या 'पुढे' या शब्दाविषयी मात्र चर्चा व्हायला हवी. हत्तीच्या पुढे मशालजी चालतो तेव्हा तो हत्तीच्या आधी असतो. परंतु 'यापुढे', 'पुढचे पान', 'पुढचे अक्षर' असे म्हणतो तेव्हा पुढे म्हणजे नंतर. म्हणजे 'हत्तीपुढे तेज' याचा अर्थ भा-करी असाही होतो आणि करी-भा असाही. 'मागे' या शब्दाचीही हीच गत आहे. मराठी सूत्रांत जागा दाखवणारा इतका दुटप्पी शब्द दुसरा नसेल.

खिळेजुळारी

हे माझ्या ध्यानात आले नव्हते आणि आपण दाखवल्यावर विसरताही येत नाही. 'तेजापाठी हत्ती' केले तर दिशा निश्चित होते, पण मग सामान्यरूपाचा प्रश्न उभा राहील असे प्रथम वाटले. विचार केल्यावर लक्षात आले की इथे तेज हा शब्द स्वतः वापरायचा नाही, त्याचा अर्थ वापरायचा आहे, म्हणून 'तेजा' झाला तरी बाधा येत नाही. नवे सूत्र: 'तेजापाठी हत्ती, तव्यावर फुगते (३)'.

अक्कलकोट_नाका

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठीत. दुसरी_घंटा ताईंनी वर सुमने आणि सु-मने लिहिले ते वाचून एक सूत्र सुचले: 'चांगले कानडी घर म्हणजे फुले (३)'. सु म्हणजे चांगले, कन्नडमध्ये मने म्हणजे घर, दोन्ही मिळून सुमने. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही भाषा कानावर पडतात, म्हणून असे सूत्र इथे चालावे असे वाटते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते अन्यायाचे वाटेल का, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी_घंटा

अतिशय देखणे सूत्र आहे. 'कानडी' ही खूण स्पष्ट दिली आहे, त्यामुळे अन्याय होत नाही. इंग्रजी सूत्रांत फ्रेंच भाषेतले छोटे शब्द सर्रास येतात आणि तिथले वाचक ते शिकून घेतात. आपला वाचक शेजारच्या घराचा एक शब्द शिकला तर चांगलेच आहे. उद्या फळ्यावर हे सूत्र लिहिणार आहे. माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी नऊ मुले आहेत आणि मराठीच्या तासाला ती सहसा मागे बसतात.

कडक_भाकरी

पाचव्याचे उत्तर सोलापूर: साल काढा म्हणजे सोला, दुथडी पाणी म्हणजे पूर. इथे माझी स्वयंपाकघरातली भर आहे. मला वाटले होते की काका 'शेंगा सोला' असे काही लिहितील, कारण सोलापूर म्हटले की शेंगाची चटणी आलीच. पण शेंगा आपण फोडतो, सोलतो तो लसूण. काकांनी नुसते 'साल काढा' लिहिले हे योग्य केले.

पाटाचे_पाणी

उत्तर पटले, पण 'कोरडे शहर' हा अर्थ पुरेसा नेमका आहे का? पाऊस कमी तो अहिल्यानगरलाही आणि धाराशिवलाही. 'चादरींचे शहर' म्हटले तर शंका उरणार नाही.

उभे_आडवे

इथे मी काकांच्या बाजूने आहे. 'तरी कोरडे' या दोन शब्दांमुळे पूर येऊनही कोरडे राहिलेले गाव डोळ्यांपुढे येते, आणि ते चित्र गमावणे मोठा तोटा आहे. अर्थाने एकट्याने उत्तर सिद्ध करावे अशी अपेक्षाच नसते, त्याने घडणीला दुजोरा द्यावा. सोला अधिक पूर ही घडण इतकी पक्की आहे की धाराशिव तिथे बसूच शकत नाही.

पाटाचे_पाणी

हे मान्य. माझी हरकत मागे घेतो.

विजापूर_वेस

सहावे अजून कोणी सोडवलेले नाही. मी चहाचे सगळे पर्याय पाहिले. 'गावाकडचा' म्हणजे 'च्या' असावा असे वाटते, पण च्या-ने सुरू होणारे आणि अंगावर घेण्यासारखे काही आठवत नाही. 'घ्यावा' म्हटले आहे, म्हणजे शब्द पुल्लिंगी असणार. सदरा, कोट, अंगरखा, पंचा या दिशेने दोन दिवस घालवले.

जोडबसवण्णा_चौक

आजवर नुसता वाचत होतो, आज लिहितो. आमचा धंदा चादरींचा आहे. सकाळपासून दुकानात बसून 'दर काय, दर काय' एवढेच ऐकतो. दुपारी समोरच्या टपरीवाल्याने हाक मारली, 'मालक, चा घेणार का?' आणि त्याच क्षणी समोरचे गिऱ्हाईक म्हणाले, 'दर सांगा.' मी चादरीची घडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

उत्तर: चादर. फोड: गावाकडचा चहा म्हणजे 'चा', भाव म्हणजे 'दर', आणि अंगावर घेतात ती चादर. काकांना एक विनंती आहे. विजापूर_वेस यांचे दोन दिवस वाया गेले त्यात त्यांची चूक नाही. चादर स्त्रीलिंगी आहे आणि सूत्रात 'घ्यावा' आहे. तो 'घ्यावा' भावाशी जुळतो, पण अर्थाचे टोक म्हणून वाचले तर चादरीशी जुळत नाही.

खिळेजुळारी

आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि विजापूर_वेस यांची मी क्षमा मागतो. मराठीत क्रियापद लिंग बोलून दाखवते, म्हणून अर्थाच्या टोकाला क्रियापद ठेवताना ते दोन्हीकडे जुळते का हे तपासायलाच हवे. भाकरीच्या सूत्रात 'फुगते' हे रूप स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींना चालते म्हणून बाधा आली नाही. इथे मी गाफील राहिलो. दुरुस्त सूत्र असे:

६) गावाकडच्या चहाचा भाव अंगावर घेतात (३)

विजापूर_वेस

क्षमेचे काही नाही, काका. 'घेतात' वाचल्याबरोबर सदरा, कोट सगळे गळून पडले. आता माझे एक सूत्र, लिंग दोनदा तपासून देत आहे: 'बोलीतले त्याप्रमाणे उलट गेले की सज्जन (२)'. फोडीसकट उत्तर यावे.

जोडबसवण्णा_चौक

संत. त्याप्रमाणे म्हणजे बोलीत 'तसं', उलट केले की सं आणि त. अनुस्वार आपल्या स ला धरूनच आला.